मॉडेम तीनदा बदलला, तरी संध्याकाळी नेट का जातं?

बडोद्यात केबलच्या धंद्यात असलेल्या माणसाला वर्षातले दोन मोसम नको वाटतात, एक पहिला पाऊस आणि दुसरी उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. पावसाचं लोकांना समजतं, पाणी शिरलं की बिघडणारच. उत्तरायणचं समजत नाही. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं गाव अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असतं, काचेचा मांजा केबलवर करवतीसारखा घासतो, पतंग अडकला की पोरं वायरच खेचतात, आणि वायर तुटली की घरातलाच कोणीतरी हुशार माणूस दोन्ही टोकं सोलून पीळ मारतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. टीव्ही लागतो, सगळे खुश. पंधरा दिवसांनी दोन पोळी (गल्ल्या) सोडून तिसरीकडे राहणाऱ्या एका माणसाचं इंटरनेट रोज संध्याकाळी जायला लागतं आणि तो फोन करून मला ऐकवतो.

त्या टेपचा आणि त्या माणसाच्या नेटचा काय संबंध, हेच आज सांगायचंय. आमच्या भाषेत याला रिटर्न पाथ नॉईज म्हणतात, म्हणजे घराकडून आमच्याकडे येणाऱ्या परतीच्या वाटेवरचा गोंगाट.

आधी थोडं मागून येऊ. केबलची ती एकच काळी किंवा पांढरी वायर असते पण तिच्यात दोन दिशांची वाहतूक चालते. आमच्याकडून तुमच्या घरी येणारं सगळं, म्हणजे चॅनल आणि तुम्ही डाउनलोड करता ते, साधारण ८५ मेगाहर्ट्झच्या वर ८६२ पर्यंत चालतं. तुमच्या मॉडेमकडून आमच्याकडे येणारं सगळं ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढ्याशा पट्ट्यात बसतं. काही नव्या नेटवर्कमध्ये हा पट्टा ८५ किंवा २०४ पर्यंत वाढवलाय, पण जुन्या लाईनवर अजून ६५ च आहे. प्रत्येक अॅम्प्लिफायरमध्ये (वाटेत सिग्नल वाढवणारा डबा) एक फिल्टर असतो जो या दोन दिशा वेगळ्या करतो, वरचं पुढे वाढवून पाठवतो, खालचं मागे.

पूर्वी ही मागची दिशा कोणी विचारत नव्हतं. बडोदा केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात आलं, ३१ मार्च २०१३ ची मुदत होती, घरोघरी सेट टॉप बॉक्स लागले. पण आपल्याकडचा साधा केबलचा बॉक्स फक्त ऐकतो, उलटा बोलत नाही. बऱ्याच अॅम्प्लिफायरमध्ये रिटर्नचं मॉड्यूल बसवलेलंच नव्हतं, जागा रिकामी. मग त्याच वायरवर इंटरनेट द्यायचं ठरलं आणि ज्या वायरी वीस वर्षं नुसत्या टीव्हीच्या हिशोबाने टाकल्या होत्या त्यांची खरी परीक्षा सुरू झाली.

आता मुख्य गोष्ट. येणारा सिग्नल हा नळाच्या पाण्यासारखा आहे, वर एक टाकी, खाली शंभर घरं. तुमच्या घरातला नळ गळला तर ओल तुमच्याच भिंतीला येते, शेजाऱ्याला काही नाही. रिटर्न म्हणजे गटार. प्रत्येक घराची मोरी गल्लीच्या गटाराला, गल्ली मोठ्या गटाराला, आणि सगळं शेवटी एका तोंडाशी. एका घराने मोरीत चिंध्या टाकल्या की तुंबतं सगळ्यांचं. तोंडाशी उभं राहून बघितलं तर घाण दिसते, कोणाच्या घरची ते दिसत नाही.

आमचं ते तोंड म्हणजे नोड. तिथपर्यंत फायबर येतो, तिथून पुढे तांब्याची वायर फाटे फुटत घरोघरी जाते. घरं वाढली की नॉईज कसा साचतो त्याचा हिशोब सोपा आहे, सारखाच नॉईज देणारी घरं दुप्पट झाली की बेरीज ३ डीबीने (डेसिबलने) वाढते, शंभर घरं झाली की २० डीबी. आणि हे सगळी घरं सभ्य असतील तर. एकच घर वात्रट निघालं तर बाकीच्या नव्व्याण्णवांचा हिशोब करायचीही गरज नाही, ते एकटं पुरेसं असतं.

म्हणून ज्याची तक्रार आहे त्याच्या घरी दोष असेल असं धरून चालणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे. तरी सगळे तेच करतात. कॉल सेंटरवाला म्हणतो राउटर बंद करून चालू करा, मग माणूस जाऊन मॉडेम बदलतो, मग पिन बदलतो, मग ग्राहक थकतो. त्याच्या मॉडेमची काही चूक नसते बिचाऱ्याची, तो ओरडून ओरडून सांगतोय पण गोंगाटात ऐकूच जात नाही.

ओरडून हे मी नुसतं म्हणायला म्हणत नाही, खरंच तसं असतं. हेडएंडला, म्हणजे आमच्या मुख्य केंद्रात, सीएमटीएस नावाचं मशीन असतं, ते प्रत्येक मॉडेमला सांगत राहतं की तुझा आवाज कमी येतोय, वाढव. मॉडेम वाढवतो. त्यालाही मर्यादा आहे, ती गाठली की त्याच्या हातात काही उरत नाही. मग टाइमआउट व्हायला लागतात, म्हणजे वेळेत उत्तरच मिळत नाही, मॉडेम उडतो, परत चढतो, परत उडतो. ग्राहकाला एवढंच दिसतं की लाईट लुकलुकतोय.

हा नॉईज येतो कुठून तर हवेतून आणि भिंतीतल्या बोर्डातून. ५ ते ६५ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही. याच पट्ट्यात शॉर्टवेव्हचे रेडिओ स्टेशन बोलतात, हॅम रेडिओवाले ७, १४, २१ मेगाहर्ट्झवर असतात, १३.५६ आणि २७.१२ मेगाहर्ट्झ कारखान्यातल्या आणि दवाखान्यातल्या मशिनींसाठी राखलेले आहेत. वरून मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीनची मोटर, स्वस्तातले मोबाईल चार्जर, एलईडीचे अडॅप्टर, ठिणगी उडणारा विजेचा खांब, हे सगळे याच खालच्या भागात कचरा टाकतात. वीस मेगाहर्ट्झच्या खाली तर इतकी गर्दी असते की शहाणा माणूस तिथे मॉडेमचा चॅनल ठेवतच नाही, वर सरकवतो.

आता वायर नीट असेल तर हे सगळं बाहेरच राहतं. मधली तांब्याची तार, भोवती पांढरा फोम, त्यावर फॉइल, त्यावर जाळी, ही फॉइल आणि जाळी म्हणजे वायरीचं चिलखत. ते अखंड असेल तर बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. पिळून टेप मारलेल्या जोडावर चिलखत नसतंच, तिथे इंचभर तार उघडी असते आणि इंचभर उघडी तार म्हणजे छोटा अँटेना. ढिली पिन, गंजलेला स्प्लिटर, आतल्या खोलीत टीव्ही काढून नेला पण वायर तशीच लोंबकळत ठेवलेली, हे सगळे त्याचेच भाऊबंद. मजा म्हणजे टीव्ही यातल्या कशाचीच तक्रार करत नाही. डिजिटल चॅनल वरच्या पट्ट्यात असतो, खालच्या कचऱ्याशी त्याला देणंघेणं नाही, चित्र काचेसारखं स्वच्छ. त्यामुळे ज्याच्या घरातून घाण येते त्याला कधीच काही त्रास होत नाही, तो म्हणतो आमच्याकडे सगळं मस्त आहे, आणि तो खोटं बोलत नसतो.

दांडिया बाजारच्या बाजूला एक नोड आहे, त्यावर दीडशेच्या आसपास मॉडेम. एका वर्षी जानेवारी संपता संपता तक्रारी सुरू झाल्या, रोज संध्याकाळी सातला नेट जायचं आणि साडेनऊ दहाला आपोआप यायचं. दिवसा माणूस पाठवला की सगळं ठीक. आमचा गुजराती पोरगा मीटर लावून यायचा आणि सांगायचा, साहेब, बधु बराबर छे. खरंच बराबर असायचं, दुपारी तीनला. तोपर्यंत एका माणसाचे तीन मॉडेम बदलून झाले होते, मी स्वतः एक बदलला होता हेही कबूल करतो.

मग सीएमटीएसवर बसून बघितलं. अपस्ट्रीमचा (परतीच्या दिशेचा) एसएनआर, म्हणजे सिग्नल नॉईजच्या किती डीबी वर आहे तो आकडा, ३० च्या आसपास दाखवत होता. ६४ क्वामला (मॉडेम ज्या पद्धतीने डेटा पाठवतो ती) २७-२८ लागतो, म्हणजे आकडा बघून वाटेल सगळं छान आहे. इथेच फसायला होतं, हा आकडा सरासरी असतो. नॉईज जर टिचक्यांसारखा येत असेल, क्षणभर मोठा धमाका आणि मग शांत, तर सरासरी छानच दिसते आणि तेवढ्या धमाक्यात पाकिटं फुटून जातात. खरं कळतं ते शेजारच्या कॉलममध्ये, दुरुस्त न होऊ शकलेल्या कोडवर्डच्या, म्हणजे बिघडलेल्या डेटाच्या तुकड्यांच्या आकड्यात. तो सात वाजता उडी मारायचा आणि दहाला खाली बसायचा, घड्याळ लावल्यासारखा.

घड्याळ लावल्यासारखा नॉईज असेल तर मला बरं वाटतं, कारण त्यामागे माणूस असतो. माणसाची सवय शोधता येते, गंज शोधायला त्रास होतो.

सहा पन्नासला आम्ही दोघं नोडपाशी शिडी लावून तयार. मीटरवर ५ ते ६५ चा पट्टा उघडला आणि मॅक्स होल्ड लावला, म्हणजे आलेली सगळ्यात उंच रेघ स्क्रीनवर धरून ठेवायची सोय. हे महत्त्वाचं आहे, मॅक्स होल्ड न लावता नुसतं बघत बसलात तर टिचकी येऊन जाते आणि स्क्रीन भोळी दिसते. सात वाजून चार मिनिटांनी तळाची रेघ वर आली, डावीकडे जास्त, उजवीकडे उतरती, डोंगराच्या उतारासारखी. एखादी उभी काडी असती तर रेडिओ स्टेशन म्हणलं असतं. असा पसरट उतार म्हणजे विजेवर चालणारं काहीतरी. मग मीटर एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबवून वेळेचा आलेख बघितला तर बरोब्बर दर १० मिलिसेकंदाला एक ठोका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची अर्धी लाट १० मिलिसेकंदाची. म्हणजे कोणाच्या तरी घरात काहीतरी बोर्डात खुपसलेलं होतं, एवढं नक्की झालं.

घर शोधायची पद्धत पोराटोरांना माहीत असलेल्या खेळासारखी आहे, अर्धं अर्धं करत जायचं. नोडमधून तीन फाटे निघत होते. प्रत्येक फाट्याच्या रिटर्नमध्ये एक एक करून ६ डीबीचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारा तुकडा) टाकायचा आणि बघायचं तळ खाली येतो का. फाटा पूर्ण उपटू नका, त्यावरचे सगळे मॉडेम पडतात आणि मग तुम्ही नॉईज शोधताय की फोन घेताय हेच कळत नाही. दुसऱ्या फाट्यात पॅड टाकला आणि तळ टुणकन खाली. मग पॅड काढून त्या फाट्याच्या पुढच्या अॅम्प्लिफायरकडे, तिथल्या टेस्ट पॉइंटवर परत तेच, मग त्याच्या पुढचा. असं करत करत शेवटच्या अॅम्प्लिफायरपाशी आलो, पुढे सात टॅप, म्हणजे घरांना वायर फोडून देणारे डबे.

इथे एक युक्ती सांगतो जी मला कोणी शिकवली नव्हती, मार खाऊन शिकलो. टॅपवर आकडा असतो, अॅम्प्लिफायरजवळचा २६, मग २३, २०, आणि लाईनच्या टोकाचा ८. हा आकडा येणाऱ्या सिग्नलला जेवढा अडवतो तेवढाच परत जाणाऱ्या नॉईजलाही अडवतो. म्हणजे जवळच्या घरातला नॉईज २६ डीबी मार खाऊन वर येतो आणि टोकाच्या घरातला फक्त ८ खाऊन. फरक १८ डीबीचा, पॉवरमध्ये साठेक पट. मधल्या वायरीचा आणि टॅपांचा लॉस धरला तर थोडा कमी होईल, पण तरी टोकाचं घर चांगलंच दांडगं ठरतं. म्हणून शोध नेहमी टोकाकडून सुरू करा. त्या टोकाच्या घरातला मॉडेम हळू आवाजात बोलतो कारण त्याला जोर लावायची गरजच पडत नाही, नॉईज मात्र तेवढाच मोठा असतो. याचं भान ठेवून काही ठिकाणी टोकाच्या घरांना मुद्दाम अडथळा देतात, मॉडेमला जास्त ओरडावं लागतं आणि त्या घरचा नॉईज आपोआप दबतो.

आठच्या टॅपवर चार पोर्ट होते, तीन वापरातले, चौथ्याला टर्मिनेटरसुद्धा (रिकामं तोंड बंद करणारी टोपी) नव्हता. तिसरी वायर काढली आणि मीटर शांत. लावली, डोंगर. काढली, शांत. पोरगा हसायला लागला. वायर हाताने धरत धरत गेलो, जुना वाडा, लाकडी जिना, वर अगाशी, अगाशीच्या कठड्यावर टेप मारलेला जोड आणि त्यात अजून गुलाबी मांजाचा गुंता.

खाली काकू एकट्या राहतात. मी म्हणलं काकू तुमची केबलची वायर बघायचीय. त्या म्हणाल्या, अरे पण आमच्याकडे इंटरनेट नाहीच, मुलगा पुण्याला आहे, मी फक्त मालिका बघते आणि चित्र तर छान येतंय. ते मला माहीतच होतं. देवघराकडे बघितलं तर चौकटीभोवती एलईडीची माळ, तिचा अडॅप्टर भिंतीच्या बोर्डात, आणि केबलची वायर त्याच बोर्डाच्या मागून खिळ्यांनी ठोकत टीव्हीपर्यंत नेलेली, मधे एका खोलीचा जुना फाटा तसाच उघडा. दिवेलागणीला माळ लागायची, निजताना बंद व्हायची. मी म्हणलं काकू एक मिनिट ती माळ बंद करता का. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे, मग बंद केली. वरून पोरगा ओरडला, गयुं (गेलं)!

आता इथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे अडॅप्टरला दोष देऊन माळ बदलायला लावायची. तो खोटा रस्ता, कारण उद्या काकू मिक्सर घेतील, परवा शेजारी ड्रिल चालवेल, जगातला प्रत्येक चार्जर आपण बदलू शकत नाही. चिलखत फाटलंय ते शिवायचं. टॅपपासून टीव्हीपर्यंत नवी वायर टाकली, आरजी ६, दाट जाळीची. कारण स्वस्त वायरीत जाळी इतकी विरळ असते की मधून बोट जाईल असं वाटतं. पिना दाबायच्या कॉम्प्रेशनच्या लावल्या, फिरवून बसवायच्या नाहीत, त्या सहा महिन्यात सैल होतात. पिन हाताने पूर्ण घट्ट आणि मग ११ च्या पान्याने थोडासा फिरवून आवळायची, नुसत्या हाताने आवळलेली पिन म्हणजे पुढच्या वर्षीचा फोन. उघडा फाटा काढून टाकला, रिकाम्या पोर्टला ७५ ओहमचा टर्मिनेटर. आणि काकूंच्या घरी मॉडेम नाही म्हणून त्यांच्या लाईनवर एक हाय पास फिल्टर लावला. बोटाच्या पेराएवढी नळी असते, ६५ च्या खालचं काही बाहेर सोडत नाही, वरचं टीव्हीचं सगळं येऊ देते. ज्या घरात फक्त टीव्ही आहे त्या प्रत्येक घरी ही नळी लावली तर माझी निम्मी धावपळ वाचेल, पण खरेदीवाल्यांना ते पटवणं हा वेगळा विषय आहे.

सगळाच नॉईज घरातून येतो असंही नाही. एक जात आमच्याच वायरीत जन्मते. पावसाळ्यात पाणी शिरून कनेक्टर गंजला, तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की मधे ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि तो डायोडसारखा वागायला लागतो. मग वर चाललेले आपलेच चॅनल त्यात एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या फरकाची पिल्लं खाली रिटर्नमध्ये पडतात. अॅनालॉगच्या काळात ती ७ नाहीतर ८ मेगाहर्ट्झच्या पाढ्यात काड्या काड्या दिसायची, ओळखायला सोपी. आता सगळं डिजिटल झाल्यावर नुसता फुगलेला तळ दिसतो आणि माणूस त्याला घरचा नॉईज समजून गल्लीभर हिंडतो. ओळखायची खूण एकच, त्या फाट्याचा पुढे जाणारा सिग्नल क्षणभर बंद करा, नॉईजही गेला तर बाहेरचं काही नाही, आपलाच गंज आहे. आणि हा गंज महालबाड असतो, खांबावर चढून कनेक्टरला हात लावला की पापुद्रा सरकतो आणि नॉईज गायब, तुम्ही खुश होऊन उतरता, मे महिन्यात ४३ डिग्रीत लोखंड तापलं की परत हजर. म्हणून हात लावून गेला तरी तो कनेक्टर कापून नवाच करायचा.

अजून एक शॉर्टकट आहे. जिथून बाहेरचं आत येतं तिथूनच आतलं बाहेर गळतं. लीकेज मीटर घेऊन गल्लीतून स्कूटरवर हळू फिरलात तर जिथे तो बीप करतो तिथे बहुतेक वेळा नॉईजचंही दार असतं. दिवसासुद्धा चालतं, सात वाजायची वाट बघावी लागत नाही. काकूंची अगाशी या मीटरने दुपारीच सापडली असती, पण तेव्हा तो मीटर आमच्याकडे नव्हता.

काम झाल्यावर मी नोडपाशी परत गेलो आणि पोराला काकूंकडे ठेवलं, फोनवरून म्हणलं आता माळ लाव. तळ हलला नाही. दहा मिनिटं बघितलं, मॅक्स होल्डवर, सरळ रेघ. फोनमधून मागे काकूंचा आवाज येत होता, विचारतायत की आता देवाचे दिवे रोज लावले तर चालतील ना, आणि चहा घेऊन जा.

तेव्हापासून १६ जानेवारीला सकाळी आम्ही अगाशीवरूनच सुरुवात करतो, तक्रारीची वाट बघत नाही. काळी टेप दिसली की थांबायचं.